ॲल्युमिनियम लाल होत नाही!

आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरचं बोलणं आणि आजीची बोलणी! शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. वेल्डिंगच्या चुका मात्र घालू नका, कारण त्या अंगाशी येतात. कशा, तेच सांगते.

आमच्या ऑफ-रोड गाडीचं वजन जास्त भरत होतं. रोल केज नियमाप्रमाणे स्टीलचाच, तिथे हात लावता येत नाही. मग ठरलं, ब्रेक पेडलचा ब्रॅकेट ॲल्युमिनियमचा करायचा. स्टीलची घनता 7.85, ॲल्युमिनियमची 2.7. म्हणजे त्याच आकाराला वजन साधारण एक-तृतीयांश. हिशोब एकदम सोपा! कॉलेजच्या वर्कशॉपला सुट्टी होती, म्हणून 4 एमएम जाडीच्या 6061-टी6 प्लेटचे तुकडे पिशवीत घालून मी मामाकडे गेले. मामाचं ग्रिल-गेटचं दुकान घराला लागूनच आहे. टिग मशीन आणि अर्गॉनचा सिलेंडर भाड्याने आणला.

पहिल्याच भंगार तुकड्याला भलंमोठं भोक पडलं. मामा चक्रावला. "अगं, लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, आता थांब. हे काही बोलतच नाही, एकदम खाली गळतं!"

गंमत अशी आहे. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि एवढ्या तापमानाला ते आपल्या डोळ्यांना लाल दिसत नाही. त्यात वरून ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो वितळायला 2000 अंशांच्या वर लागतात. दुधावरच्या सायीसारखं समजा. वर साय घट्ट, आत दूध उकळलेलं. म्हणून ही साय आधी काढायची आणि मग जोडायचं.

आम्ही ठेचा खात शिकलो तो क्रम असा :

ॲसिटोनने तेलकटपणा पुसायचा, पूर्ण सुकू द्यायचं, मग स्टेनलेस ब्रशने घासायचं. हा ब्रश लोखंडाला कधीच लावायचा नाही. तेल किंवा ओल राहिली तर त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि थंड होताना बुडबुडे अडकून जोड स्पंजासारखा होतो.

मशीन एसीवर ठेवायचं. एसीच्या एका अर्ध्या सायकलमध्ये आर्क ऑक्साइड फोडते, दुसऱ्या अर्ध्यात जॉबला उष्णता मिळते. करंट जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण 40 अँपिअर, म्हणजे आम्हाला 160. इथे घरचा एमसीबी दोनदा पडला आणि मामीची सिरियल बंद झाली. शेवटी वायर दुकानाच्या मीटरवरून ओढली.

फिलर रॉड लागतोच. 6061 नुसती वितळवून जोडली तर थंड होताना तडकते. 4043 रॉडमध्ये सुमारे 5 टक्के सिलिकॉन असतं, त्याने तडा टळतो. आणि पंखा बंद! घामाच्या धारा लागल्या तरी बंद, नाहीतर अर्गॉन उडून जातो.

एक गोष्ट मात्र जिवावरची. ॲसिटोन संपलं म्हणून मी ब्रेक क्लीनरचा स्प्रे उचलला होता. मामाने डबा हातातून घेतला, "आधी लिहिलंय काय ते वाच." त्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट होतं. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. मी केमिस्ट्रीत चांगले मार्क मिळवले होते, पण डबा वाचला तो दहावी झालेल्या मामाने!

तिसऱ्या दिवशी ब्रॅकेट तयार झाला. बीड माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. फोटो टीमला पाठवला, वाहवा मिळाली. मी खूश होऊन पॅक करायला लागले तेव्हा मामा म्हणाला, "यावर पाय कोण देणार?" मी म्हटलं, माझी रूममेट, तीच ड्रायव्हर आहे. "मग आधी आपण देऊन बघू."

ब्रॅकेट व्हाइसमध्ये धरला, पाइप घातला आणि जोर लावला. बीडला काही झालं नाही. पण तिच्या शेजारी, जेमतेम एक सेंटिमीटरवर, प्लेट मऊ पत्र्यासारखी वाकली. आणखी एकदा दाबलं, तर तिथेच फाटली. आम्ही दोघंही गप्प.

हॉस्टेलवर येऊन मेटलर्जीचं पुस्तक उघडलं, जे मी परीक्षेच्या आदल्या रात्रीच फक्त उघडलं होतं. टी6 म्हणजे धातू सुमारे 530 अंशांवर तापवून, पाण्यात विझवून, मग 160-175 अंशांवर कित्येक तास ठेवलेला. त्याने आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिबारीक कण तयार होतात. सगळी ताकद त्यांची. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पट्ट्यातले हे कण विरघळतात किंवा फुगून मोठे होतात. मूळ यील्ड स्ट्रेंग्थ सुमारे 276 मेगापास्कल, ती तिथे निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. आणि दिसायला? काहीही फरक नाही! मी डिझाइनमध्ये आख्ख्या ब्रॅकेटला 276 धरून बसले होते. सॉफ्टवेअरने हिरवा रंग दाखवला, मी विश्वास ठेवला.

यावर उपाय म्हणजे पुन्हा पूर्ण हीट ट्रीटमेंट, त्याला भट्टी लागते. नाहीतर जोड कमी ताणाच्या जागी न्यायचा, किंवा वेल्डच करायचा नाही. आम्ही तिसरा मार्ग घेतला. ब्रॅकेट जाड प्लेटमधून मिलिंग करून काढला आणि बोल्टने बसवला. वजन 180 ग्रॅमने वाढलं. घरचं वेल्डिंग आता फक्त बॅटरीच्या ट्रेला आणि चिखल अडवायच्या पत्र्यांना.

तो फाटलेला ब्रॅकेट माझ्या टेबलावर आहे, रूम नंबर विचारून कुणीही बघायला या. परवा रूममेटने तो हातात घेतला, खवल्यांसारखी बीड बघून म्हणाली, "काय मस्त झालंय गं!" मग तिला मागची फाट दिसली. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी मेसमधला तिचा गुलाबजाम मला मिळाला.