माळीण आणि उरायासु: आपल्या पायाखालची जमीन

भूगोलाचा पाठ (मोठ्या गटासाठी, पालकांनी मुलांबरोबर वाचावा)

मुलांनो, आज आपण एका लहानशा डोंगरी गावाची माहिती घेणार आहोत. गावाचे नाव माळीण. ते पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगराळ भागात आहे. आपले उरायासु समुद्रकाठचे आणि सपाट. माळीण डोंगराच्या पायथ्याचे आणि उताराचे. तरीही या दोन गावांत एक साम्य आहे. ते कोणते, हे पाठ वाचताना ओळखा.

१. गाव कसे आहे?

सह्याद्री लाव्हारसाच्या थरांपासून बनला आहे. खाली काळा कातळ आणि त्यावर झिजलेल्या खडकाचा मुरूम व माती असते. जून ते सप्टेंबर या काळात इथे धो धो पाऊस पडतो. डोंगरातले ओढे खाली घोड नदीला मिळतात. या नदीवर डिंभे येथे धरण आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव आज या धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे.

२. लोक आणि व्यवसाय

या भागात मुख्यतः महादेव कोळी या आदिवासी समाजाचे लोक राहतात. भात हे मुख्य पीक. डोंगरात सपाट जमीन मिळत नाही, म्हणून लोक उतार फोडून, बांध घालून पायऱ्यांसारखी खाचरे तयार करतात. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात राबून खाचरे पाडायची, या जुन्या पद्धतीला 'पडकई' म्हणतात. वरच्या उतारावर नाचणी आणि वरई होते. उन्हाळ्यात जंगलातला हिरडा गोळा करून, वाळवून विकतात. हिरडा औषधात वापरतात. वर्षभर पुरेल इतके उत्पन्न यातून मिळत नाही, म्हणून अनेक जण मंचर, नारायणगाव या बाजूला मजुरीला जातात.

इतक्या उतारावर लोक का राहतात, असे तुम्ही विचाराल. सपाट तुकडा भातासाठी राखावा लागतो. पाणी, शेत आणि जंगल हाताशी असते. वाडवडील तिथेच राहिले. म्हणजे राहण्यामागे विचार असतो. आपणही उरायासुत राहतो ते स्टेशन, शाळा आणि नोकरी जवळ आहे म्हणूनच.

३. ३० जुलै २०१४

त्या दिवशी सकाळी, जोरदार पाऊस चालू असताना, डोंगराचा एक भाग सुटून माळीणवर आला. चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली आणि १५१ माणसे दगावली. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती एस.टी.च्या चालकामुळे. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला, तर रोज दिसणारे गावच दिसेना.

अतिवृष्टी हे मुख्य कारण सांगितले गेले. उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणामुळे पाणी जास्त मुरले का, यावरही बरीच चर्चा झाली. हाताने आणि बैलांनी हळूहळू केलेले काम वेगळे आणि यंत्राने थोड्या दिवसांत केलेले वेगळे, हे लक्षात घ्यावे.

४. असे का होते? (प्रयोग)

एका भांड्यात कोरडी वाळू सैलसर भरा. वर एक लहान, जड दगड ठेवा. दगड वरच राहील. आता कडेने हळूहळू, वाळूच्या पृष्ठभागापर्यंत पाणी ओता आणि भांड्याला बाहेरून टिचक्या मारा. दगड खाली जाऊ लागेल.

मातीचे कण एकमेकांना टेकून असतात, म्हणून जमीन घट्ट राहते. कणांमधल्या जागेत पाणी भरले की ते कणांना बाजूला ढकलते आणि त्यांची पकड सैल होते. उतारावर असे झाले की माती घसरते, ती दरड. सपाट जागी ओली वाळू भूकंपाने हादरली की ती पातळ होते.

५. आता उरायासु

उरायासु पूर्वी कोळ्यांचे गाव होते. शिंपले आणि नोरी यांवर लोकांचे पोट चाले. १९६४ पासून समुद्रात भराव टाकण्यात आला आणि गाव मूळच्या जवळजवळ चौपट झाले. ११ मार्च २०११ च्या भूकंपात शहराचा सुमारे ८६ टक्के भाग पातळ झालेल्या वाळूच्या तडाख्यात सापडला. घरे कलली, गटारांची झाकणे वर आली, पाणी बंद झाले. जुन्या गावठाणाला मात्र फारसा धक्का बसला नाही. ज्या भरावाची वाळू आधी ठोकून घट्ट केली होती, तोही बराचसा टिकला. म्हणजे साम्य हे: माती आणि पाणी.

६. आपण काय शिकायचे?

माळीण संपले नाही. जवळच आमडे येथे नवे गाव वसवले गेले आणि २ एप्रिल २०१७ रोजी लोकांना घरे मिळाली. त्याच वर्षी पहिल्या मोठ्या पावसात तिथेही रस्त्यांना तडे गेले. पुढे २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या. जपानही सुटलेला नाही. माळीणनंतर तीनच आठवड्यांनी, २० ऑगस्ट २०१४ ला हिरोशिमात दरडींमुळे सत्तरहून अधिक लोक गेले.

दरडीच्या आधी कधी कधी खुणा दिसतात: उताराला नवे तडे, कललेली झाडे, झऱ्याला अचानक गढूळ पाणी, पाऊस चालू असूनही ओढ्याचे पाणी कमी होणे. अशी खूण दिसली की सामान न आवरता निघायचे. सुट्टीत गावी गेलात तर आजी-आजोबांनाही हे सांगा.

स्वाध्याय

१. पडकई म्हणजे काय? दोन वाक्यांत लिहा.
२. शहराच्या धोका-नकाशावर आपले घर शोधा. ते जुन्या गावात आहे की भरावावर?
३. ताकासुच्या मोठ्या बागेत २०११ ला जमिनीतून वर आलेले झाकण जपून ठेवले आहे. आईबाबांबरोबर जाऊन पाहा व त्याचे चित्र काढा.
४. आपल्या मूळ गावाची जमीन कशी आहे, हे आजोबांना फोनवर विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.

शब्दार्थ: खाचर – बांध घातलेले भाताचे शेत. मुरूम – झिजलेल्या खडकाची भरड माती. भराव – खोलगट जागेत किंवा पाण्यात माती टाकून केलेली जमीन. दगावणे – मरण पावणे.