दंड कापला, चूक लपली

नगरच्या कापड बाजारात आम्ही पुष्कळ वर्षे धंदा केला. नोकराने थान चुकीच्या मापाने फाडले की पगारातून दंड कापायचा, हा आमचा रिवाज. चुका थांबल्या नाहीत, लपू लागल्या. चुकीचे तुकडे गठ्ठ्यांखाली जात आणि वर्षअखेर माल मोजताना सापडत.

असे का होते, याचा खुलासा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०) यांच्या प्रयोगांत मिळतो. पेटीतल्या भुकेल्या उंदराने कळ दाबली की दाणा पडे. मग तो पुन्हा पुन्हा कळ दाबी. ज्या कृतीने फायदा होतो ती वाढते, आणि त्रास टळणे हाही फायदाच. याला ‘साधक अभिसंधान’ म्हणतात. चूक लपवली की दंड टळे. म्हणजे लपवण्याचे बक्षीस आम्हीच देत होतो!

मग नियम बदलला. त्याच दिवशी सांगितले तर दंड माफ. तो तुकडा कटपीस म्हणून विकेल त्याला थोडे कमिशन. फाडणाऱ्याला मात्र नाही, नाहीतर चुका मुद्दाम होतील. लपवाछपवी कमी झाली.

आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी स्वीकारली. नुसत्या बंदीने माणूस पळवाट शोधतो. तिथे जलसंधारणाची कामेही झाली. विहिरींना पाणी आले, कापून न्यायला गवत मिळाले. नियम पाळण्याचा फायदा लोकांना डोळ्यांनी दिसला.

तेव्हा दंड लावण्याआधी विचारावे : यातून नोकर काम शिकेल की लपवणे? आणि बक्षीस द्यायचे तर लगेच, कशाबद्दल ते सांगून द्यावे.