दुधाच्या कॅनमधील जंतूंचा थर

सकाळी काढलेले दूध ताजे असते, कॅनही वरून स्वच्छ दिसतो. तरी संकलन केंद्रावर पोहोचेपर्यंत दूध नासते. अशा वेळी दोष चाऱ्यास किंवा हवेस दिला जातो. परंतु पुष्कळदा त्याचे मूळ कॅनच्या आतील सांध्यात आणि झाकणाच्या रबराखाली साचलेल्या बुळबुळीत थरात असते.

हा थर म्हणजे अनेक जातींच्या जंतूंची वसाहत होय. जंतू इतके सूक्ष्म असतात की, १ मिलिमीटर लांबीत सुमारे १,००० जंतू ओळीने मावतील. सुडोमोनास गटातील जंतूंस चाबकासारखी शेपटी असते. ती फिरवून ते पोहत जातात, ओल्या पृष्ठभागास चिकटतात आणि भोवती चिकट द्रव्य स्रवतात. दूध आंबविणाऱ्या अनेक जंतूंस पोहता येत नाही. ते दुधाबरोबर वाहत येऊन या आयत्या घरात आश्रय घेतात. वरचे जंतू प्राणवायू वापरून टाकतात. त्यामुळे प्राणवायू न मानवणारे जंतू तळाशी वाढू शकतात. एकाने टाकलेले द्रव्य दुसऱ्याचे अन्न होते. पुढे काही जंतू थरातून सुटून नव्या दुधात उतरतात.

चिकट आवरणामुळे जंतुनाशक औषध आतपर्यंत सहज पोहोचत नाही. हॉलंडमधील लेव्हेनहुक यांनी १६८३ मध्ये दातांवरील किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांस त्यात हलणारे जंतू दिसले. ते किटणही असाच थर असून नुसत्या चुळेने जात नाही, घासावेच लागते. कॅनचेही तसेच आहे. शिवाय सुडोमोनास जंतूंनी दुधात सोडलेली काही पाचक द्रव्ये पाश्चरीकरणानंतरही टिकतात. म्हणून डेअरीत दूध तापविल्याने ही हानी भरून निघत नाही.

यास्तव पुढील क्रम पाळावा :

१. कॅन रिकामा होताच साध्या पाण्याने विसळावा.

२. स्टीलच्या कॅनसाठी १० लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून ब्रशने आतून घासावे. ॲल्युमिनियमला सोडा मारक असल्याने त्यासाठी डेअरीची धुलाईची पावडर घ्यावी.

३. झाकणाचे रबर काढून वेगळे धुवावे.

४. राख, माती किंवा तारेचा काथ्या वापरू नये. पडलेल्या ओरखड्यांत जंतू दडतात.

५. शेवटी उकळत्या पाण्याने विसळून कॅन घडवंचीवर पालथा घालून पूर्ण वाळवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी धुतलेल्या कॅनच्या सांध्यावरून बोट फिरवून दाखवावे. बोटास बुळबुळीतपणा लागला, तर कॅन पुन्हा घासून नंतरच त्यात दूध भरावे.