कर्नाळ्यात ऑक्टोबरमध्ये पक्षी कुठे जातात?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये कर्नाळा अभयारण्यात पक्षी मोजकेच दिसले, कोळी मात्र पावलोपावली. जंगल रिकामं होतंय का?

उत्तर : एका फेरीवरून तसं म्हणता येणार नाही. पाऊस नुकताच सरलेला असतो, रान दाट असतं आणि पाणी जागोजागी असतं. मग पक्ष्यांनी एका पाणवठ्यावर गर्दी कशाला करावी? बऱ्याच जातींची वीण आटोपल्याने त्यांचं गाणंही थंडावतं, आणि दाट झाडीत आपण पक्षी आधी कानानेच शोधतो. उलट करड्या धोब्यासारखे हिवाळी पाहुणे याच सुमारास येऊ लागतात. आता कोळ्यांबद्दल : सोनेरी झाक असलेली मोठी जाळी तुम्हाला दिसली असतील, तर ती बहुधा जायंट वुड स्पायडर या कोळ्याच्या माद्यांची असावीत. नर मादीपुढे इतका चिमुकला, की तो वेगळ्याच जातीचा वाटतो! पावसाळ्यात माजलेल्या किड्यांवर या माद्या पोसल्या जातात. म्हणजे ही जाळी रिकाम्या नव्हे, भरल्या जंगलाची खूण आहे.

उन्हाळ्यात जास्त प्राणी दिसतात, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. पण तेव्हा तहान त्यांना उघड्यावर आणते, त्यांची संख्या वाढलेली नसते. खरी घट तपासायची तर दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेवर, त्याच वेळी नोंदी करा. आणि वाटेतलं जाळं कृपया काठीने तोडू नका, वाकून जा.