डोक्याचा मुका मार : ‘नॉर्मल’ अहवालानंतरची काळजी

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा सी. टी. स्कॅन ‘नॉर्मल’ आला की नातेवाईक प्रशासकीय कक्षात विचारतात, ‘‘मग रात्रभर निरीक्षणाखाली कशासाठी ठेवायचे?’’ या प्रश्नात शंका असते, तशीच बिलाची काळजीही असते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय निर्णय घेण्याचा अधिकार माझा नव्हे. तथापि तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मेंदू हा अत्यंत मऊ अवयव असून तो कवटीत द्रवाने वेढलेला असतो. डोक्यावर आघात झाला, किंवा मान जोराने हिंदकळली, की मेंदू आतल्या आत हलतो. त्यामुळे मज्जातंतू ताणले जातात, पेशींतील क्षारांचे संतुलन ढळते व ऊर्जा अपुरी पडते. यालाच ‘कन्कशन’ म्हणतात. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचा अस्थिभंग दिसतो. पेशींच्या कार्यातील हा बिघाड दिसत नाही. कन्कशन झाल्यास शुद्ध हरपलीच पाहिजे, असेही नाही.

लक्षणे उशिराही प्रकट होतात. ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्‌सवरील कसोटीत स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू आदळला. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकेदुखी व सुस्ती जाणवू लागली आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटी क्रिकेटमधील कन्कशनमुळे घेतलेला तो पहिला बदली खेळाडू होय.

म्हणूनच पहिले 24 ते 48 तास जबाबदार व्यक्तीने रुग्णाजवळ असावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, बोलण्यात अडखळणे, असंबद्ध वागणे, हातापायांत अशक्तपणा, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे किंवा झोपेतून जागे न होणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व वृद्धांनी विशेष दक्ष राहावे.

रुग्णाला झोपूच देऊ नये, हा समज चुकीचा आहे. डॉक्टरांनी तपासल्यावर झोप हितकारकच असते. अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहणेही इष्ट नाही. एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मोबाईल व दूरदर्शन मर्यादित ठेवावे, नंतर हलके चालणे सुरू करावे. मुलांनी आधी शाळेत रुळावे, मगच मैदानावर जावे. पूर्ण बरे होण्यापूर्वी दुसरा मार बसल्यास धोका अधिक असतो. मद्य वर्ज्य करावे. वाहन चालविणे व वेदनाशामके घेणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. बहुतेक प्रौढ सुमारे दोन आठवड्यांत, तर मुले चार आठवड्यांपर्यंत बरी होतात.

रात्रभराच्या निरीक्षणाचा हेतू हाच, की लक्षण बदलताक्षणी कोणीतरी ते टिपावे. घरी परतल्यावर ही जबाबदारी कुटुंबाकडे येते. तेव्हा ‘नॉर्मल’ अहवालाबरोबर मिळालेले सूचनापत्र फाईलमध्ये ठेवून देण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकदा अवश्य वाचावे, ही विनंती.