पालखीच्या गर्दीतला माणूस

तुकोबांची पालखी काटेवाडीवरून सणसरला मुक्कामी येते, तेव्हा दिंडीत घरचे माणूस हुडकणे ही लक्षाची कसोटीच. म्हातारे माणूस चुकले, तर जीव टांगणीला लागतो.

अ‍ॅन ट्राइझमन आणि गॅरी जिलेड यांनी १९८० साली मांडले, की एकाच गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दी कितीही असली तरी झटकन दिसते. पांढऱ्या टोप्यांत लाल फेटा असाच दिसतो. टोपी, घोंगडी, टाळ अशा गुणांच्या जुळणीने ओळखायचे आजोबा मात्र एकेक चेहरा पाहूनच सापडायचे.

पण तो लाल फेटा नको असतानाही नजर ओढतो. यान थेवेस यांनी १९९२ साली हेच दाखवले : आकार शोधणाऱ्यांना निराळ्या रंगाच्या एका वस्तूने उशीर झाला. गॅस्पेलिन, लेनर्ड व लक यांना २०१५ साली उलट आढळले. नेमका एकच आकार शोधायचा असेल, तर मन तो रंग दाबून टाकते. मला हे अधिक पटते. ‘आजोबा बघ’ म्हटले की पोरे भगव्या पताकाच बघत राहतात. ‘निळ्या पट्ट्याची पिशवी बघ’ म्हटले की पताका जणू दिसतच नाहीत.

बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावू लागला, की मग पिशवीही विसरते!