अंगणातली फिरती सळई

हिवाळी सुट्टीत मी अधारतालला घरी गेलो, तेव्हा बाबाही चार दिवसांच्या रजेवर येणार होते. कॅम्पमध्ये निखाऱ्यांवर भाजलेली कोंबडी निम्मी जळते आणि निम्मी कच्ची राहते, हे प्रत्येक कॅडेटला ठाऊक आहे. म्हणून घरी फिरती सळई करायचे ठरवले. युक्ती जुनीच आहे. शूलावर भाजलेल्या मांसाला संस्कृतात ‘शूल्य’ असा स्वतंत्र शब्द आहे. धुराड्यातून वर जाणाऱ्या गरम हवेने फिरणाऱ्या सळईचे चित्र लिओनार्दो दा विंचीनेही काढून ठेवले आहे.

आजोबा निवृत्त फिटर. दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगवायूपासून त्यांचा उजवा हात अशक्त आहे, त्यामुळे घरात वेल्डिंग बंद. जे करायचे ते नटबोल्टवर. कबाड्याकडून मी हौसेने चकचकीत जी. आय. पाइप आणला. आजोबांनी तो बघताच बाजूला ठेवला. ‘‘यावर जस्त आहे रे. विस्तवावर धरू नकोस, धूर बाधतो.’’ जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते आणि निखारे त्याहून कितीतरी तापतात. मग 12 मिलिमीटर जाडीची साधी लोखंडी सळई घेतली, तिचे एक टोक वाकवून हँडल केले आणि भोके पाडलेल्या दोन अँगलांवर ती टेकवली.

पहिल्या दिवशी फजिती झाली. सळई फिरत होती, कोंबडी जागच्या जागी! छातीचा जड भाग खाली राहून करपला. मग लेथवाल्याकडून सळईला आरपार दोन भोके पाडून आणली आणि कोंबडीतून स्टेनलेस स्टीलच्या दोन सीखा घातल्या. आता कोंबडी फिरली, पण हँडल वर नेताना जोर लागे आणि अर्ध्या फेरीनंतर ते हातातून निसटे.

आजोबा म्हणाले, ‘‘सायकलचं चाक बॅलन्स करतोस ना, तसंच आहे हे.’’ सळई मोकळी सोडली. ती जिथे थांबली, तिथे खालची बाजू जड. तिच्या बरोबर उलट दिशेला, आगीपासून दूर, पट्टीवर नट बांधत गेलो. 10 सेंटिमीटरवर 300 ग्रॅम झाले तेव्हा सळई कुठल्याही स्थितीत ठेवली तरी स्थिर राहू लागली. 300 गुणिले 10 म्हणजे 3000. कोंबडी 1500 ग्रॅमची. म्हणजे तिचा गुरुत्वमध्य सळईपासून फक्त 2 सेंटिमीटर सरकलेला होता. (हँडलचे वजन मी हिशेबात धरलेले नाही. फिजिक्सच्या सरांनी माफ करावे.) बलाच्या आघूर्णाचा धडा मला परीक्षेत कळला नव्हता, तो इथे कळला.

निखारे कोंबडीच्या थेट खाली ठेवू नयेत. ठिबकणाऱ्या चरबीने भडका उडतो. दोन बाजूंना दोन ढीग, मधे पाण्याची परात. मिनिटाला चार-पाच फेऱ्या पुरतात. दीड किलोला सुमारे दीड तास लागला. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटरने 74 अंश दाखवले की उतरवावी. पाण्याची बादली शेजारी हवीच.

बाबा आले त्या संध्याकाळी मी हँडल धरायला गेलो, तर आजोबा आधीच स्टूल टाकून बसले होते आणि उजव्या हाताने सळई फिरवत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी परातीत पाणी घातले.